एकही फूल न सोडता

मळ्यात तिला सगळे माशी म्हणत. व्हॅनिलाची वेल मूळची जिथली, तिथे एक इवलीशी मधमाशी तिची फुलं फळवते. माणसांनी वेल जहाजांतून जगभर नेली, माशी मात्र मागेच राहिली. कितीतरी वर्षं परमुलखातल्या वेली नुसत्याच फुलत राहिल्या, शेंग काही धरेना. मग कुणीतरी युक्ती काढली: फुलातला पातळ पडदा काडीने उचलायचा आणि अंगठ्याने हलकेच दाबायचं. तेही सकाळीच, कारण दुपारी फूल मिटतं. या मळ्यात तो अंगठा हिचा होता.

मळा तिने आणि नवऱ्याने जिवाचं रान करून उभा केला. नवरा गेला आणि तिचे डोळे कोरडे व्हायच्या आत धाकट्या दिराने जमीन गिळली. वर मानभावीपणे म्हणाला, "वहिनी, तुम्हाला थोडंच वाऱ्यावर सोडणार आहे मी? काम आहेच की इथे." ती मूग गिळून बसली. पण रोज सकाळी काडी उचलताना मनात एकच यायचं: याचा वचपा काढल्याशिवाय मरायची नाही.

संधी त्यानेच आणून दिली. बहर भरात असताना तो मळ्यात आला आणि खाली गळलेली फुलं बघून भडकला.

"ही का वाया घालवलीत?"

"घोसातली निम्मी सोडावी लागतात, भाऊजी. सगळ्यांना शेंगा धरल्या तर वेल खंगून मरते."

"वेल मरते की तुमचा हात दुखतो? उद्यापासून एकही फूल सुटता कामा नये. मला शहाणपण शिकवू नका."

तिने मान डोलावली. एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगायला ती काही त्याची आई नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती वेलीमागून वेल घेत गेली. दीर लांबून बघून खूश होत होता. शेडजवळच्या पहिल्या वेलीशी मात्र तिचा हात थबकला. ती नवऱ्याने स्वतः लावलेली. तिला वगळावं, तर उद्या दीर तिचेच तुकडे लावून पुन्हा मळा उभा करणार. तिने हातभर लांबीचा एक तुकडा कापून पिशवीत घातला. मग त्या वेलीचीही सगळी फुलं अंगठ्याने दाबली, रडत रडत.

वेली शेंगांनी लगडल्या. दिराचे पाय जमिनीवर ठरेनात. पण शेंगा भरल्याच नाहीत, काडीसारख्या राहिल्या. व्यापाऱ्याने एक जुडी हुंगली आणि तशीच खाली ठेवली. मग पानं पिवळी पडली, मुळं कुजली आणि बघता बघता सगळा मळा बसला. पहिली वेलसुद्धा.

एका सकाळी दीर तिच्या दारात आला. उतरलेलं तोंड, वाढलेली दाढी. त्याला तसं बघून तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. त्याची नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथे तेलाच्या डब्यातून एक हिरवीगार वेल वर चढली होती.

"वहिनी, चूक झाली माझी. त्यातला एक तुकडा द्या. तुमच्या पाया पडतो."

तिने विळीवर तुकडा कापला आणि त्याच्या हातात ठेवला.

"घेऊन जा, भाऊजी. तीन वर्षांत फुलेल. तोवर एखादी माशी शोधून ठेवा."