लेडीज खिडकी बंद

फुलसावंगीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मी आरोग्य केंद्रात नर्स होते, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव मला सिस्टर म्हणायचं, तिला मॅडम. दोघी बिनलग्नाच्या, दोघी परगावच्या. एकीला एकीची सोबत झाली, अशी घरमालकीण काकूंचीही समजूत होती. पावसाळ्यात डास वाढले तेव्हा त्यांनीच आपली मोठी मच्छरदानी आणून दिली. "दोघी यकाच मच्छरदानीत निजत जा वो पोरीहो," म्हणाल्या. "गोळ्या वाटणारी सिस्टरच तापानं पडली तं गावानं काय करावं?"

गावाला खटकत होतं ते वेगळंच. मी उमरखेडकडची, बौद्ध घरातली. ती मारेगावची, आजोबांपासून कचेरीत नोकऱ्या असलेल्या घरातली. आम्ही एका ताटात जेवतो हे कुणीतरी पाहिलं आणि तिच्या शाळेतल्या एका गुरुजींनी तिला बाजूला घेऊन समजावलं. तिनं त्यांना विचारलं, "सर, तुमच्या डब्यातली पोळी कोणत्या जातीच्या गव्हाची आहे?" घरी येऊन हे सांगताना ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मला हसू आलं नाही. तिला भांडता यायचं. मी भांडणाऱ्या तिच्याकडे पाहत राहायची.

आमचं जे होतं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. मैत्रिणी मला बऱ्याच होत्या, पण त्यांच्यातल्या कुणाच्या चपलांचा आवाज ओळखून मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत नव्हते. ती भाकरी थापायची, मी वांग्याची भाजी करायची. ती वह्या तपासायला बसली की मी तिच्या पाठीला पाठ लावून पेपर वाचायची. दिवा मालवल्यानंतरचं मी लिहिणार नाही. ते आमचं आहे.

त्या हिवाळ्यात तो सिनेमा आला. मोठ्या शहरांत त्याच्यावरून तोडफोड झाल्याचं आधीच छापून आलं होतं. एका घरातल्या दोन बायका एकमेकींवर प्रेम करतात, एवढीच गोष्ट आम्हाला कळली होती. शाळेत येणारा पेपर तिनं पर्समध्ये घडी घालून आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

"वाच."

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपणच नाही," ती म्हणाली. "आणखीही असतात."

सिनेमा उमरखेडच्या टॉकीजला लागल्याचं कळलं तेव्हा तिनं ठरवूनच टाकलं. शनिवारी तिची शाळा सकाळची असायची. दुपारच्या एसटीनं जायचं, शो पाहून परत यायचं.

"कोणी पाह्यलं तं?" मी विचारलं.

"पिक्चरच पाहून राह्यलो ना? चोरी तं नाही करून राह्यलो!"

टॉकीजसमोर ही गर्दी. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी कोणत्याही फवारणीला दाद देत नव्हती, आणि जो काही कापूस हाती लागायचा तो घेऊन माणसं खरेदी केंद्राबाहेर ताटकळत असायची. बैलबंड्या रांगेत उभ्या, बैल सोडलेले, मापाचा पत्ता नाही. अशी वाट पाहून कंटाळलेली माणसं टॉकीजवर आली होती. सगळी माणसंच, बाई एकही नाही. पोस्टरवर दोन बायकांचे चेहरे होते आणि खाली लाल अक्षरांत 'फक्त प्रौढांसाठी'. बायकांच्या तिकिटाची खिडकी वेगळी असायची. तिच्यावर आतून फळी लावलेली होती.

ती सरळ माणसांच्या खिडकीशी गेली. आतल्या मॅनेजरनं आमच्याकडे पाहिलं आणि बाहेरच आला.

"मॅडम, या पिक्चरले बायाइले तिकीट नाई."

"काहून?"

"हा फॅमिली पिक्चर नाई."

"मंग कोणाचा पिक्चर हाय?"

मॅनेजर जरा अडखळला. "दोन बायाइचा."

"पिक्चर बायाइचा, आन् बायाइलेच तिकीट नाई?"

"आत समदे माणसंच हायेत, मॅडम. शिट्ट्या मारून राह्यले, खुर्च्या बडवून राह्यले. तुम्ही दोघी आत बसल्या आन् काही झालं तं निस्तरणार कोण?"

"मग त्यांना बाहेर काढा," ती आता शाळेतल्या मराठीत बोलू लागली होती. चिडली की ती अशी बोलायची. "शिट्ट्या ते मारतात आणि बाहेर आम्ही उभं राहायचं?"

रांगेतून एक जण ओरडला, "जाऊ द्या ना भाऊ त्याइले! आत दोन आन् बाहेर दोन, डबल पिक्चर होईन!" रांग हसली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा." तो खाली पाहू लागला. पण त्याच्या मागं हसणं चालूच राहिलं. तिकीट मिळालं नाही ते नाहीच.

परतीच्या एसटीला वेळ होता. टॉकीजच्या बाजूला सायकल स्टँड होता आणि तिथंच हॉलचं बाहेर पडायचं दार. शो सुरू झाल्यावर आम्ही त्या दाराशी उभ्या राहिलो. दाराच्या फटीतून आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. पडद्यावर एखादी बाई हळू आवाजात काही बोलू लागली की आतली माणसं अशी काही ओरडायची की तिचं वाक्य बुडून जायचं. पुन्हा ती बोलायची, पुन्हा हे ओरडायचे. मी आयुष्यात असा संताप अनुभवला नव्हता. कुणीतरी आमचीच गोष्ट सांगत होतं आणि ती ऐकू येऊ नये म्हणून भरलेलं थिएटर शिट्ट्या मारत होतं, तेही तिकीट काढून!

तिनं दाराला कान लावला होता. "काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही समजत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मध्यंतर होऊन माणसं बाहेर यायच्या आत आम्ही एसटी स्टँडकडे निघालो.

पुढच्या आठवड्यात एक टोळकं टॉकीजवर गेलं. पोस्टर जाळलं, फोटो लावायच्या कपाटांच्या काचा फोडल्या आणि सिनेमा उतरवला. त्या टोळक्यातल्या कित्येकांच्या घरात कापूस पडून होता. कापसाला भाव मिळावा म्हणून त्यांनी निवेदनं दिली होती, साहेबांपुढं हात जोडले होते. काच फोडायची हिंमत मात्र त्यांना दोन बायकांच्या सिनेमावर झाली.

मग बातमीला पाय फुटले. फुलसावंगीच्या मॅडम टॉकीजवर तिकिटासाठी भांडल्या आणि सिस्टर त्यांच्यासोबत होती, हे गावात पोचायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्या खोलीत कुणाला काही दिसलं नव्हतं, त्या खोलीत आता सगळ्यांना सगळं दिसू लागलं. शाळेच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलं गेलं. आरोग्य केंद्रात एका बाईनं टाके काढायला आलेल्या आपल्या सुनेला माझ्यासमोरून उठवून नेलं. "डॉक्टर आल्यावर येऊ," म्हणाली.

काकू एका सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"पोरीहो, माह्यं काई म्हणणं नाई. पण खोली पायजे मले."

"काकू, आम्ही काय केलं?" मी विचारलं.

"मले काय माहीत? लोक म्हणून राह्यले."

"तुम्ही पाह्यला का तो पिक्चर?" तिनं विचारलं.

"मी कायले पाहू असलं?"

"आम्हीबी नाही पाह्यला."

काकू गोंधळल्या. क्षणभर वाटलं, त्या आत येतील, चहा मागतील. पण त्यांनी पदर सावरला. "ते मच्छरदानी तेवढी धुऊन द्या," म्हणाल्या आणि गेल्या.

तिचा मोठा भाऊ जीप घेऊन आला. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. तिला म्हणाला, "असल्या लोकांत राहिल्यावर हेच होणार." असले म्हणजे कसले, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला दोन्ही अर्थ चालत होते. ती त्याच्याशी भांडली, पण भांडता भांडता तिनं भांडी बांधायला घेतली आणि मला कळलं की ती जाणार. महिन्याभरात तिची बदली मारेगाव तालुक्यात झाली. ज्या बदल्यांसाठी लोक वर्षानुवर्षं चकरा मारतात, ती इतकी लवकर झाली!

जिल्हा एकच, पण ती त्या टोकाला आणि मी या टोकाला. यवतमाळला तिची किंवा माझी मीटिंग असली की आम्ही स्टँडवर भेटायचो. गर्दीत उभ्या उभ्या बोलायचो. प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा खाली आलेला असायचा. शेवटी तिनं लग्न केलं. माणूस बरा आहे, म्हणाली. मी त्याला दोष देत नाही. दोष द्यायला समोर एक माणूस असता तर बरं झालं असतं.

मी लग्न केलं नाही. नोकरी संपवून उमरखेडला परत आले. मागच्या उन्हाळ्यात भाचीनं मोबाइलवर तो सिनेमा काढून दिला. एवढ्या वर्षांनी, भर दुपारी, पंख्याखाली एकटी बसून मी तो पाहिला. कुणी शिट्टी वाजवली नाही. वाक्य न् वाक्य ऐकू आलं. त्यातलं घर आमच्यासारखं नव्हतं, त्या बायका आमच्यासारखं बोलत नव्हत्या. काही ठिकाणी मला कंटाळासुद्धा आला. यासाठी काचा फोडल्या? यासाठी आमची खोली गेली? मी मोबाइल बाजूला ठेवला आणि तिला फोन लावला.

"पाह्यला मी तो पिक्चर," मी म्हणाले.

कोणता, असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, "मंग? शेवटी काय होते त्याइचं?"

"दोघी घर सोडतात. सोबत जातात."

"कुठं?"

"ते नाही दाखवलं."

"ते तं दाखवाले पायजे होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात जुनी धार क्षणभर आली. मला वाटलं, आता ती भांडेल, सिनेमावाल्यांशी, मॅनेजरशी, निदान माझ्याशी तरी. पण मागून कुणीतरी तिला "आई" म्हणून हाक मारली. "येते," ती म्हणाली. ते मला होतं की त्या हाकेला, हे मला कळलं नाही. फोन बंद झाला होता.