शांतपणे परतलेल्यांचा आकडा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी तिसगाव सोडलं, तेव्हा नगरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. ड्रायव्हर मोटारीमागची भट्टी पेटवत होता आणि माझे वडील, आबा, दबक्या आवाजात विचारत होते, "मुंबईत काम तरी काय हाय?"

"वर्तमानपत्रं वाचायची."

"वाचायचा पगार कोन देतं रं?" त्यांना माझं पटलं नव्हतं.

काम खरंच तेवढंच होतं. सरकारी कचेरीत प्रत्येक मराठी बातमीला आकडा द्यायचा: सरकारच्या बाजूची एक, विरोधी दोन, कुठलीच नसेल तर तीन. तीच बातमी पलीकडच्या टेबलावर मुंबईचे देसाई वाचत. एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत. साहेब ते जुळवून बेरीज वर धाडत. आकडे जुळले नाहीत की साहेब बातमीकडे नव्हे, माणसाकडे रोखून बघत.

एकदा आमच्याच गावची बातमी आली. बाजारात ज्वारी आलीच नाही, लोक शांतपणे परतले. 'शांतपणे' वाचून देसाईंनी एक दिला. मी दोन. आमच्याकडचा माणूस भांडतोय तोवर ठीक. गप्प झाला की समजावं, भडकलाय.

"तुम्ही तिकडचेच ना?" साहेब म्हणाले. "काय माहीत आहे तुम्हाला?"

खरं सांगितलं तर गावात पोलीस जाणार. एक मान्य केला तर वरच्यांच्या लेखी तिसगाव सुखी. "धान्य मिळालं नाही ही तक्रार आहे, साहेब. नियमानं तक्रार म्हणजे दोन."

आकडा राहिला. पण नगरकडच्या बातम्या माझ्या टेबलावर येईनाशा झाल्या. आणि थोड्याच दिवसांत गावात पोलीस येऊन गेले. माझ्या आकड्यामुळं? ते मला आजही ठाऊक नाही.

माझं आकड्यांचं काम गावात कळलं होतं. दिवाळीला गेलो, तर शिंप्याच्या दुकानातली बोलणी मला पाहताच थांबली. चुलते नानांनी तोंडावर विचारलं, "आमचं बोलनं तिकडं कोन्त्या आकड्यात घालतो?" आबा काहीच बोलले नाहीत. मला त्याचीच धास्ती वाटली.

लढाई संपली, कचेरी मोडली. मी मुंबईतच शाळेवर मास्तर झालो. परवा गावी जेवताना आबांनी सक्तीच्या सरकारी लेव्हीची ज्वारी उचलून नेणाऱ्या अंमलदाराला कचकचीत शिवी हासडली. नाना दचकून माझ्याकडं बघू लागले.

"बगतो काय?" आबा म्हणाले. "घरचाच हाय त्यो."

नाना अजूनही माझ्यासमोर जपूनच बोलतात. गावात राहिलेल्यांनो, तुमचा संशय मला कळतो. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुमचं घर कुठं ते तुम्ही ठरवा. मला माझं त्या शिवीत सापडलं.