नाझरसाहेबांचे अकरा डबे

नाझरसाहेब आमच्या शेजारच्या घरात राहायला आले ती तारीख १ जानेवारी १९५७. हमालीचा खर्च शून्य. हजर आम्ही तिघं: घरमालक सेठजी, मी आणि माझी बायको सुमन. बैलगाडीतलं सगळं सामान त्या नवराबायकोंनीच उतरवून आत नेलं, कारण एकट्या माणसाला उचलता येणार नाही अशी एकही वस्तू त्यात नव्हती. लोखंडी कपाट नाही, लाकडी पलंग नाही, पाटा-वरवंटासुद्धा नाही. दोन दोरीच्या खाटा, तीन ट्रंका, भांड्यांचं एक पोतं. सगळ्यात शेवटी नाझरसाहेबांनी वनस्पती तुपाचे चार डबे दोन्ही हातांनी जपून उतरवले. त्यांत टीचभर उंचीची गुलाबाची झाडं होती. पुढे चाराचे अकरा डबे झाले. बाकी सामानात मात्र तेरा वर्षांत भर पडली नाही. मसाला वाटायला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आमच्याच पाट्यावर येत.

ते तहसील कचेरीत नाझर होते. कचेरीतली टेबलं, खुर्च्या, तिजोरी, दौऱ्याचे तंबू, सगळ्या जड वस्तू त्यांच्या ताब्यात. घरी मात्र जड काही नको. याचं कारण ते कोणालाही सरळ सांगत. त्यांचं गाव विदर्भात, तुमसरजवळचं. छप्पन सालच्या नोव्हेंबरात विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचं बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं, आणि सरकारी नोकरांची वाटणी झाली. नाझरसाहेबांनी तिकडं जायचं लिहून दिलं होतं, पण नाव इकडं लागलं. त्यांनी वर अर्ज केला. त्याचा निकाल लागेपर्यंत आपण इथं वस्तीला आहोत, असं ते धरून चालले. "घर तिकडं आहे. इथं मुक्काम आहे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब मलाही ठेवता आला नाही.

सेठजी त्यांची थट्टा करत. भाडं घ्यायला आले की दारातूनच विचारत, "क्यों नाझरबाबू, बोरिया-बिस्तर बंध गया?" नाझरसाहेब हसतसुद्धा नसत. म्हणत, "बिस्तर बंध गया सेठजी, बोरिये की डोरी बाकी है." मोहल्ल्यात त्यांचं नावच बोरिया-बिस्तर पडलं. ते त्यांना माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "म्हणू द्या. खोटं थोडीच आहे."

त्या गुलाबाला आमच्याकडे बटन गुलाब म्हणतात. फूल कोटाच्या बटनाएवढं, पान चिंचेच्या पानाहून थोडं मोठं, पण झाड भरलं की एका वेळी पंधरा-वीस फुलं येतात. वास जवळजवळ नाही. वेणीत माळायला लहान, देवाला वाहायला देठ आखूड. सुमन पहिल्यांदा पाहून म्हणाली होती, "दिसायले चांगलं आहे, पण कामाचं काय?" नाझरसाहेबांनी तिला उत्तर दिलं, "कामाचं हेच, का उचलता येते."

पण सांभाळ मोठ्या गुलाबापेक्षा जास्त करत. डब्याच्या बुडाला खिळ्यानं तीन भोकं, भोकांवर कौलाचे तुकडे, वर दोन भाग माती, एक भाग वैनगंगेची रेती, एक भाग जुनं शेणखत. पाणी सकाळी, तेही मुळाशी. उन्हाळ्यात सगळे डबे ओसरीच्या सावलीत. डिसेंबरात एकेक झाड डब्यातून काढून त्याच्या मुळ्या चाकूनं चारी बाजूंनी तासायचे आणि नवी माती भरून पुन्हा त्याच डब्यात बसवायचे. ते मला पाहवत नसे. मी एकदा म्हटलं, "साहेब, एवढ्या मुळ्या कापता, त्यापेक्षा मोठ्या टाकीत लावा ना."

"टाकी कोण उचलंल? तुम्ही येता का गोंदियापर्यंत?"

मी त्यावेळी राइस मिलमध्ये हिशेब लिहीत होतो. साठ सालच्या सुमाराला त्यांनी मला दोन डबे घेऊन मिलच्या काट्यावर नेलं. पाणी घातलेला डबा साडेचार किलो भरला. दुसरा, कोरडा डबा किलोभर कमी. मग बसून त्यांनी काढलं की नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गोंदियाला जायचं तर आदल्या दिवशी पाणी बंद ठेवायचं आणि डबे तीन फेऱ्यांत स्टेशनात न्यायचे. मिलचे हमाल हसत होते. नाझरसाहेबांनी मात्र काटेवाल्याचे आभार मानले आणि डबे परत घेऊन आले. त्यांतला एकही त्यांनी कधी कोणाला दिला नाही. मागितलाच तर म्हणत, "तिकडं गेलो का पाठवून देईन."

काकू बालाघाटजवळच्याच किरनापूरच्या. माहेरी शेती. मूलबाळ नव्हतं. मागच्या दारी मोरीच्या पलीकडं तीन-चार हात मोकळी जागा होती आणि काकूंचा जीव त्या जागेत अडकला होता. एक गुलाब तिथं लावावा, एवढंच त्यांचं म्हणणं. सेठजींची ना नव्हती. "लगा लो, कौन मना करता है," असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. अडवणारे नाझरसाहेबच. "डब्यातलं झाड आपलं राह्यते. जमिनीत गेलं का जमिनीचं झालं. निघताना काय जमीन खोदून नेशील?" काकू वाद घालत नसत. आमच्या पाट्यावर मिरची वाटता वाटता सुमनला एवढंच म्हणाल्या, "मी तं इथलीच आहो बाई. मले कुठी जायचं होतं?"

चौसष्ट साली वरून उत्तर आलं. वाटणीचं काम संपलं आहे, फेरविचार होणार नाही. मला वाटलं आता तरी ते घरात एखादं कपाट आणतील. त्या संध्याकाळी ते ओसरीवर डबे पुसत बसले होते. म्हणाले, "नोकरीनं अडवलं. पेन्शन तं अडवत नाही ना? पाच वर्षं काय, निघून जातीन."

ती पाच वर्षं निघून गेली. एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर ते निवृत्त झाले. तुमसरला पुतण्यानं एक खोली रिकामी केली. निघायचं ठरलं संक्रांतीनंतर, आणि संक्रांतीच्या आधी काकूंच्या पोटात दुखायला लागलं. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पंधरा दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. कोणतं घर, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. काकूंनी सांगितलं, बालाघाट.

एप्रिलपासून त्या उठत नव्हत्या. त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीपाशी लावली होती. खिडकीतून मोरी दिसे आणि ती मोकळी जागा. मेच्या सुरुवातीला एका सकाळी सुमन त्यांना पेज पाजत होती, मी दाराशी उभा होतो. काकू नवऱ्याला म्हणाल्या, "त्यातलं एक तिथं लावा ना. लाल."

"वैशाख आहे. जगणार नाही. मृगात लावू."

"मृगापर्यंत मी थांबतो म्हणून कोणी सांगलं तुम्हाले?"

 दुसऱ्या दिवशी नाझरसाहेबांनी ती जागा खोदली. हातभर खाली मुरूम लागला. वरच्या मातीत वर्षानुवर्षांचं साबण-सोड्याचं पाणी मुरलेलं. भिंत पश्चिमेची, दुपारी तिथं हात ठेववत नसे. तिथं झाड का जगणार नाही हे त्यांच्याइतकं गावात कोणाला कळत नव्हतं. तरी त्यांनी चांगली माती आणून घातली आणि लाल गुलाबाचा एक डबा तिथं रिकामा केला. काकू पाहत होत्या. म्हणाल्या, "मुळ्या कापू नका आता." ते म्हणाले, "नाही कापत."

चौथ्या दिवशी पानं करपली. पाचव्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर झाड हिरवंगार उभं होतं. मला नवल वाटलं. मग ओसरीकडं लक्ष गेलं. डबे नऊ उरले होते आणि दोन धुऊन पालथे घातलेले होते. मी काही विचारायच्या आत नाझरसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. ते खिडकीकडं पाहत होते. दवा घेतल्यावर काकूंना तास-दीड तास झोप लागे, तेवढ्यात त्यांनी झाड बदललं होतं.

त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी ते हेच करत. भर उन्हात जुनं उपटायचं, नवं बसवायचं, माती तशीच दाबायची, पाण्याचा तोच डाग पाडायचा. लाल चार होती, ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपली. मग गुलाबी. ती लावताना एकूणएक कळी खुडून टाकत, म्हणजे रंग कळायला नको. काकूंनी विचारलं, "फुलं काहून नाही येत आता?" ते म्हणाले, "मूळ धरून राह्यलं ते. आधी मूळ, मग फूल." मी त्यांना बाहेर म्हटलं, "साहेब, तुमच्याकडं न्यायला काहीच उरणार नाही."  त्यांनी रिकामा डबा उन्हात पालथा घातला आणि हात धुतले.

जूनच्या पहिल्या दोन दिवसांत कधीतरी एक कळी त्यांच्या हातून राहून गेली असावी. सुमन सकाळी गेली तेव्हा नाझरसाहेब बाजारातून बर्फ आणायला गेले होते. काकूंनी तिला जवळ बोलावलं आणि खिडकीकडं बोट केलं.

"पाह्य. माझ्या लाल झाडाले गुलाबी फूल आलं."

सुमन खिडकीशी गेली. काकू म्हणाल्या, "जाऊन खुडून टाक. त्याईनं पाह्यलं तं त्याईच्या ध्यानात येईन का मले समजलं."

सुमननं ते फूल खुडलं आणि पदराच्या गाठीत बांधून घरी आणलं. माझ्यासमोर गाठ सोडली आणि काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. आम्ही दोघांनी नाझरसाहेबांना हे कधीच सांगितलं नाही.

काकू ५ जूनला गेल्या, मृगाच्या दोन-तीन दिवस आधी. त्या दिवशी ओसरीवर दोन डबे उरले होते. वैनगंगेवरून परत आल्यावर नाझरसाहेब आंघोळ करून सरळ मागच्या दारी गेले. झाडाची पानं पुन्हा माना टाकत होती. त्यांनी ओसरीवरचा एक डबा उचलला आणि बदलायला बसले. तुमसरहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, आता कोणासाठी?" त्यांनी झाड बसवलं, पाणी घातलं, आणि खिडकीतून कसं दिसतं ते आत जाऊन पाहून आले. तेही झाड करपलं. त्यानंतर शेवटचंही.

तेराव्यानंतर पुतण्या चार दिवस थांबला. ट्रंका बांधून तयार होत्या. रोज तो निघायचं विचारी, रोज ते म्हणत, "उद्या पाहू." शेवटी तो एकटाच गेला.

१ जुलैला सेठजींनी मला पावती लिहायला बोलावलं. हजर तिघंच: सेठजी, नाझरसाहेब आणि मी. मी नेहमीप्रमाणे एका महिन्याचा आकडा लिहायला घेतला, तेव्हा नाझरसाहेबांनी माझा हात थांबवला आणि कोटाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. दरमहा अठरा रुपयांप्रमाणे येत्या बारा महिन्यांचं भाडं, एकूण दोनशे सोळा रुपये, रोख, घरमालक सेठजींना पोचले.