बसवाच्या मानेतले सात मणके

जिराफाच्या मानेत सातच मणके असतात, आणि या एवढ्याशा माहितीपायी आमच्या सासऱ्यांचा बैल मरता मरता वाचला.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराचा दुष्काळ. जळकोटकडचा चारा संपला म्हणून सासऱ्यांनी आपला देवणी बैल, बसवा, उदगीरला माझ्या दारात आणून बांधला. जाताना म्हणाले, "जावईबापू, एवढा एकच राहिलाय. जपा." मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मी नाही जपणार तर कोण?

शनिवारी दुपारी ते बैल बघायला यायचे होते, आणि कडबा सकाळीच संपला. दारात बाभूळ होती, पण खालचा पाला गल्लीतल्या शेळ्यांनी कधीच साफ केलेला. नेमका त्या आठवड्यात वर्गात जिराफ चालू होता. उंच मान, काट्यांतून पाला ओरबाडणारी हातभर जीभ, सगळं शिकवून झालेलं. रक्ताभिसरण तेवढं सोमवारवर राहिलं होतं.

"जिराफाचे मणके सात, बैलाचेही सातच," मी बायकोला म्हणालो. "म्हणजे फरक फक्त उंचीचा. ती आपण देऊ."

"अवं, आकडी हाय की घरात. पाला वढा आन् टाका त्याच्यापुढं."

(आकडी म्हणजे लांब काठीला बांधलेला विळा. विज्ञानाच्या माणसानं ती काय हातात धरायची!)

बाभळीखाली मुरमाचा ढीग होता. नव्या जिल्ह्याच्या नव्या सडकेसाठी टाकलेला. सडक अजून यायची होती. बसवाला मी त्या ढिगावर चढवला. त्यानं फांदीच्या बेचक्यातून मान घातली आणि पाला खायला लागला. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात त्याच्या खुरांखालचा मुरूम सरकला.

बैल खाली घसरला, मान बेचक्यात तशीच. डोळे पांढरे झाले, जीभ बाहेर आली. (चांगली लांब होती, पण बघवेना.)

"बघत काय हुबं राहिलात? फांदी तोडा!" म्हणत बायको घमेल्यानं त्याच्या खुरांखाली मुरूम भरायला लागली.

मी कुऱ्हाड घेऊन काट्यांतून वर चढलो. घाव बसला की बैल हिसका द्यायचा, हिसका दिला की बायकोनं भरलेला मुरूम पुन्हा सरकायचा. तिकडं मामा, म्हणजे सासरे, एसटीतून उतरले असतील. एकच बैल, आणि तोही मी फासावर चढवलेला! रडू यायच्या बेतात होतो.

शेवटच्या घावाला फांदी मोडली. बसवा धपकन खाली बसला, उठला, आणि पडलेल्या फांदीचा पाला खायला लागला.

त्या धक्क्यानं मी मात्र उलटा झालो. पँट वरच्या फांदीत अडकली. पाय आभाळाकडं, डोकं जमिनीकडं. आणि फाटकात मामा.

त्यांनी आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग मला शोधलं.

"शरणार्थ, मामा," मी लोंबकळत हात जोडले. (आमच्यात नमस्काराऐवजी असंच म्हणतात. कुठल्याही अवस्थेत.)

"वर काय करायलात, जावईबापू?"

"पाला काढायलोय."

"आकडी न्हाई का घरात?"

"हाय की," बायको म्हणाली, आणि आत जाऊन घेऊन आली.

त्याच आकडीनं फांदी वाकवून तिनं मला खाली उतरवलं.

सोमवारी राहिलेला भाग शिकवला. पाणी प्यायला वाकलेल्या जिराफाचं रक्त डोक्यात उतरू नये म्हणून त्याच्या मानेतल्या शिरांना झडपा असतात. मणके आपलेही सातच, पण झडपांच्या बाबतीत आपण कमी पडतो, हे मी मुलांना पुस्तक न उघडता सांगितलं.