कट्ट्याची पिशवी

पुण्याकडचे लोक कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. आमच्याकडे कट्टा पाठीवर घेतात. सोयाबीनचा कट्टा, तुरीचा कट्टा, सिमेंटचा कट्टा. भरलेलं पोतं म्हणजे कट्टा, हे वाशिम जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे माझा ट्रक चालवणारा धाकटा भाऊ दुकानात येऊन म्हणाला, "ताई, कट्ट्यासाठी एक पिशवी शिवून दे न, मजबूत पाह्यजे," तेव्हा माझ्या मनात दुसरं काही यायचं कारण नव्हतं. पोत्याला आणखी पिशवी कशाला, एवढा प्रश्न पडला. पण ट्रकवाल्यांच्या तऱ्हा मला नव्या नाहीत. एकानं तर समोरच्या काचेजवळच्या गणपतीसाठी माझ्याकडून ताडपत्रीचं छत शिवून नेलं होतं.

आमचं दुकान आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशिम रोडवर. ताडपत्र्या, दोर, सुतळी असा माल. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम आमच्या यांचं, कारण ते मला जमत नाही. मशीन माझं. इतकी वर्षं ठिगळं लावून लावून ताडपत्री कशी फाटली हे मी नुसतं पाहून सांगते. फांदीत अडकून फाटली तर कड ओबडधोबड असते, कुजलेली असली तर बोटानं भोक पडतं. ब्लेड मारलेलं असेल तर कड सरळ असते. माझा भाऊ इथून सोयाबीन भरून मध्य प्रदेशातल्या तेलाच्या कारखान्यात नेतो, म्हणजे न्यायचा, आणि त्याच्या ताडपत्रीला गेली काही वर्षं सरळच कापे येत होते.

त्या वाटेवर एक घाट आहे. भरलेली गाडी चढाला लागली की माणसाच्या चालीनं चालते. तेवढ्यात मागून दोघं-तिघं वर चढतात, ताडपत्री कापतात आणि कट्टे खाली लोटून देतात. ड्रायव्हरला आरशात काही दिसत नाही. कारखान्याच्या काट्यावर वजन कमी भरलं की कळतं. मग मालक म्हणतो, तूच विकलं असशील. माझ्या भावानं आयुष्यात कुणाचा दाणा घेतला नाही, आणि त्याला हे ऐकून घ्यावं लागायचं. एकदा तो आवाज ऐकून खाली उतरला, तर वरून दगड आला. डोक्याला पट्टी बांधून तो दुकानात आला आणि आधी ताडपत्रीच माझ्यासमोर टाकली. "हे आधी शिव. उद्या लोड हाय." मी त्याला रडत रडत शिव्या दिल्या आणि रडत रडतच ठिगळ लावलं.

त्यानंतर महिनाभरानं त्यानं पिशवी मागितली. मी मन लावून शिवली. दुहेरी बूड, चार कान, दोन माणसांनी धरून उचलता येईल अशी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, पिशवी पाहिली आणि दोराच्या वेटोळ्यावर बसून हसायलाच लागला. त्याचं पाहून आमचे हेही हसले, कशाला ते यांना माहीत नव्हतं.

"ताई, यात तर म्याच बसतो न वं," तो म्हणाला. मग गाडीकडे गेला, सीटखालून दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि माझ्या मशीनवर ठेवलं. "ह्या कट्ट्यासाठी पाह्यजे होती."

दुपट्टा उलगडला तर आत पिस्तूल. गावठी, काळं, लाकडी मुठीला तार गुंडाळलेली. हिंदी मुलखात यालाच कट्टा म्हणतात आणि ड्रायव्हर लोकांच्या तोंडी तोच शब्द बसला आहे. आमच्या यांचं हसू तिथल्या तिथे वाळलं. मी आधी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"उचल ते माह्या मशीनवरून!"

"ओरडू नोको वं. रस्त्यावर लोक हायेत."

"कायले आणलं हे? माणसं मारशीन आता?"

"मारतो कुठं? निस्तं दाखवाचं हाय. तिकडं सगळ्या ड्रायव्हरायजोळ असते. दाखवलं की पळतात म्हणे." मग मान खाली घालून म्हणाला, "दर फेऱ्यात तो चढ आला की माह्ये हात कापतात, ताई. तुले काय सांगू."

मला त्याचा इतका राग आला होता की थोबाडीत द्यावी, आणि ते हात पाहून त्याची कीवही येत होती. मी कात्री घेतली. पिशवी उसवून टाकली.

जवळच्या शिरपूरचे एक वकीलसाहेब आमचं जुनं गिऱ्हाईक. वाशिमच्या कोर्टात वकिली करतात आणि मळणीच्या वेळी ताडपत्री आमच्याकडूनच नेतात. मी भावाला त्याच दिवशी त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. "आमचं एक गिऱ्हाईक आहे, त्याच्याजवळ असं असं आहे," अशी सुरुवात मी केली. वकीलसाहेबांनी भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाले म्हणा, चहा घे अन् नीट आयक."

त्यांनी सांगितलं ते असं. बिनपरवान्याचं हत्यार जवळ असणं हाच गुन्हा. चालवायला नको, दाखवायला नको. सीटखाली सापडलं, तेवढं पुरतं. शिक्षा महिन्यांची नसते, वर्षांची असते. ज्या राज्यात सापडेल तिथलं कोर्ट, तिथलाच जेल, जामीनदारही बहुधा तिथलाच मागतात. गाडी मालासकट ठाण्यात उभी राहते, आणि असली केस लागलेल्या ड्रायव्हरला मग कोणता मालक गाडी देणार?

"अन् लायसन काढलं तर?" भावानं विचारलं.

"अर्ज कर. चौकशी होईन, भेटन का नाही सांगता येत नाही. भेटलं तरी त्याच्यावर हद्द लिहेल असते. महाराष्ट्रापुरतं असन तर बॉर्डर वलांडली की लायसनवालाही तुह्यासारखाच."

"पण साहेब, माह्या जिवावर आलं तर?"

"जीव वाचवाचा हक्क तुले हाय. कोर्ट ते आयकते. पण कट्टा तुह्याजोळ आला कुठून, हे कोर्ट येगळं इचारते. एकानं दुसरं माफ होत नाही."

भावानं चहा संपवला. मग म्हणाला, "फेकून देतो मंग नाल्यात."

"नाही. फेकलेलं कोनाच्या हाती लागन? ठाण्यात जमा कर, म्या येतो सोबत. जमा केलं तरी केस होऊ शकते, खोटं कायले सांगू? पण आपल्या पायानं आलेल्या माणसाकडं कोर्ट जरा येगळ्या नजरेनं पाह्यते."

मी म्हटलं, आत्ताच जाऊ. पण गाडी भरून उभी होती आणि मालकाचे फोनवर फोन येत होते. "हा फेरा करून येतो ताई, मंग तू म्हणशीन त्या ठाण्यात जाऊ," असं तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. शपथ घ्यायची त्याची ही लहानपणापासूनची रीत. त्या दिवशी कट्टा कुठे ठेवायचा यावरून आमचं पुन्हा वाजलं. माझ्या घरात ठेवला तर मी अडकते आणि त्याच्या घरात ठेवला तर त्याची बायको अडकते, हे वकीलसाहेबांनी सांगितलेलंच होतं. शेवटी तो सीटखालीच गेला. जऊळका गावाच्या अंगाला वळेपर्यंत मी गाडीच्या मागच्या ताडपत्रीकडे पाहत उभी होते. ठिगळं सगळी माझीच होती.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. दिवस मावळायच्या बेतात होता. चढ लागला आणि वर पावलं वाजली. त्यानं गाडी थांबवली, कट्टा घेतला आणि उतरला. वर दोघं उभे होते. यानं हात वर केला तसे ते जागीच थिजले. एक जण तर हात जोडून "भैया, गोली मत चलाना" असं रडायलाच लागला. आणि आता पुढे काय करायचं हे माझ्या भावाला माहीत नव्हतं. दाखवलं की पळतात, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलेलं. ते काही पळेनात, आणि याला तर हात खाली घ्यायचीही भीती वाटू लागली.

तेवढ्यात खालून पोलिसांची जीप आली. मागच्या कुणा ड्रायव्हरनं, घाटात चोर चढले म्हणून फोन केला होता. जीप पाहताच ते दोघं पलीकडून उड्या टाकून झाडीत पसार झाले. दिव्यांच्या उजेडात राहिला माझा भाऊ. "साहेब, चोर तिकडं गेले, तिकडं!" असं तो ओरडत होता आणि दाखवत होता त्याच हातानं, कट्टा धरलेल्या. त्यांनी त्याला रस्त्यावर पालथा पाडला.

आम्ही वकीलसाहेबांना घेऊन तिकडे गेलो. मी ठाण्यात भांडायच्या तयारीनंच शिरले होते. तिथल्या साहेबानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "बहनजी, मालूम है चोर वो नहीं है। लेकिन कट्टा उसके हाथ में था, मैं क्या लिखूँ?" त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. गाडी पुढे ठाण्यातून सुटली. मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि, मला तर काही माहीतच नव्हतं, असं फोनवर सांगून मोकळा झाला. जामिनाला तिथला माणूस हवा होता. आम्ही त्या गावात कुणालाच ओळखत नव्हतो. भाऊ ज्या ढाब्यावर जेवायचा तिथला म्हातारा मालक आपल्या शेताचे कागद घेऊन उभा राहिला. मी त्याच्या पाया पडले तर म्हणाला, "अरे, वो तो खाना खाके अपनी थाली ख़ुद उठाता है।"

काही आठवड्यांनी जामीन मंजूर झाल्यावर जेलमध्ये सांगायला मी एकटीच गेले. मधे जाळी होती. जाताना वाटभर मी बोलणी जुळवत होते. डोक्यावर हात ठेवून गेलास ना, बायकोचा विचार केलास का, बापाचं नाव कुठे नेऊन ठेवलंस, सगळं पाठ केलं होतं. तो समोर आला आणि मी त्याला पाहतच राहिले. वाटलं होतं वाळला असेल. तर चेहरा भरलेला, डोळे पांढरेशुभ्र. गाडीवरून यायचा तेव्हा कायम तांबारलेले असायचे.

"बरा हायेस?" मी विचारलं.

"बरा हाय. झोप लागते इथं, ताई." थोडं लाजल्यासारखा हसला. "दिवा लावून ठेवतात, लोक घोरतात, तरी लागते. वर कोनी चढत नाही न."

केस उभी राहणार होतीच, तारखा पडणार होत्या, आणि त्या घाटाखेरीज दुसरी भाकर त्याला ठाऊक नव्हती. मी जाळीला बोटं लावून उभी होते. त्यानं घरच्यांची विचारपूस केली. मग मला म्हणाला, "तू काहून आली एवढ्या दूर? काही सांगाचं होतं काय?"

उद्या सुटतोस, हे मला त्याला सांगायचं होतं. ते सांगायला मला बराच वेळ लागला.