वाळूच्या बाई

वाळूच्या बाईंनी कधी कुणाला सरळ उत्तर दिलं नाही. मुलांनी काहीही विचारलं की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "तुला काय वाटतं?" एकदा मी घाईत "किती वाजले हो?" विचारलं, तर मलाही तेच! इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीतल्या बालवाडीत त्यांनी वर्गाच्या मधोमध वाळूचा ढीग ओतून घेतला होता, म्हणून हे नाव. ठेवणारी मीच.

मी तेव्हा बालवाडी समितीची चिटणीस. वय सत्तावीस, अक्कल त्याच्या निम्मी, आणि हातात वही. माझी चार वर्षांची अनघा त्याच वर्गात. एकदा तिनं विचारलं, "बाई, चांदोबा आपल्या मागे मागे का येतो?" बाईंचं ठरलेलं उत्तर आलं. अनघानं बराच वेळ वाळू उपसली आणि सांगितलं, "त्याला एकट्याला भीती वाटते." बाई बाकीच्यांना म्हणाल्या, "पटतंय का रे?" तासभर पोरं त्यावर भांडत होती. मी वहीत लिहिलं, 'चुकीचं ज्ञान दुरुस्त केलं नाही.'

मग मी तपासणीला गेले. पैठणी नेसून! चार वर्षांच्या पोरांपुढे! एकाला विचारलं, "दोन आणि तीन किती?"

"दोन काय आणि तीन काय?"

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी वही मिटून तडक बाहेर पडले. त्याच रागात मी समितीत ठराव मांडून बाईंना काढलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "वाळू तेवढी राहू द्या." दुसऱ्याच दिवशी मी ती गटाराच्या कामाला देऊन टाकली.

नव्या बाई पट्टीवाल्या. दिवाळीपर्यंत अनघा शंभरपर्यंत लिहू लागली आणि प्रश्न विचारायची थांबली. मी कॉलनीभर पेढे वाटले.

आज अनघा मोठ्या हुद्द्यावर आहे. रोज सकाळी मला फोन करते, "आई, आज कोणती साडी नेसू?"

मागच्या महिन्यात नातीच्या बालवाडीत पालकसभा होती. एक पोरगेलीशी मॅडम सांगत होती की, या वयात मुलांना खेळू दिलं, विचार करू दिला, तर ते मोठेपणीही पुरतं, असं संशोधन सांगतं. वर्गाच्या मधोमध वाळू होती. मला बसवेना.

बाई येवल्याला भाच्याकडे असतात, असं कळलं. अनघाला घेऊन द्वारका चौकातून एसटी पकडली. बाई थकल्या होत्या, चष्मा तोच. मी विचारलं, "बाई, माझं चुकलं का हो?" त्या चष्मा ढकलून मलाच विचारणार, याची खात्री होती. चांगलं लांबलचक उत्तर एसटीत पाठ करून ठेवलं होतं.

"हो," बाई म्हणाल्या.

मग अनघाकडे वळल्या. चष्मा कपाळावर गेला. "चांदोबाला अजून भीती वाटते का गं? तुला काय वाटतं?"

अनघानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.