कुमुदताईंना सांगायचं होतं

कणकवलीच्या स्टँडवर मालवणच्या गाडीचा कंडक्टर मला बघून खाली उतरला. "बाईनू, कुमुदताई गेल्या. आज सकाळीच." माझ्या मनात पहिल्यांदा आलं, सुटल्या. आणि मग तिथल्याच बाकड्यावर बसून मी रडले...

मालवणात आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. त्या इतिहासाच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. शाळेमागच्या एका खोलीत त्यांनी संग्रहालय मांडलं होतं. गलबतांचे दिवे, कप्प्या, सुकाणूचे तुकडे, कोळणींच्या जुन्या टोपल्या. घराघरांतून आलेल्या ह्या वस्तूंसाठी त्यांचा एकच नियम होता. देणाऱ्यानं बसून त्या वस्तूबद्दल सगळं सांगायचं. ताई ऐकत आणि एकदा ऐकलेलं कधी विसरत नसत. पण एकाही वस्तूवर चिठ्ठी नव्हती. मी त्यावरून भांडायची. "लिवन ठेवलंय काय मानूस वाचता नि जाता गो," त्या म्हणत. "माका तेणी विचारूक होया. विचारल्यान तर मी आनी धा गोष्टी सांगतलंय." त्यांचं चुकत होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. शाळेतल्या मुली त्या खोलीतून लवकर बाहेर पडत नसत.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. तोंडातून एखादाच शब्द यायचा, तोही भलताच. 'दार' म्हणायचं असलं की 'मीठ' म्हणत, आणि चुकलं हे कळून डोळे मिटून घेत.

त्याच सुमारास नव्यानंच झालेल्या आमच्या जिल्ह्यासाठी संग्रहालय करायचं ठरलं. ताईंच्या वस्तू तिकडे न्यायच्या म्हणून एक तरुण अधिकारी आले. अतिशय सभ्य माणूस. प्रत्येक वस्तू ताईंच्या खाटेजवळ आणून ते विचारत, "ताई, हे काय आहे? सावकाश सांगा." त्यांनी शिशाचं एक जड वजन पुढे धरलं, तशा ताई धडपडत उठून बसल्या. डाव्या हातानं त्याच्या तळाची खाच चाचपली, बोट जिभेला लावलं, पुन्हा खाचेला, पुन्हा जिभेला. "मीठ... मीठ..." त्यांच्या वहिनींना वाटलं तहान लागली. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. ताईंनी तो हातानं उडवला.

मला तेवढं ठाऊक होतं. मी सांगितलं, की खाचेत चरबी भरून हे समुद्रात सोडत, वर ओढलं की तळाची वाळू चिकटून येई, आणि जुने तांडेल ती वाळू चाखून गलबत कुठं आलंय ते ओळखत.

"वा! कुठली वाळू कशी लागते, ते माहीत आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. ते एका म्हाताऱ्या तांडेलानं ताईंना सांगितलं होतं, आणि तो कधीच वारला होता. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी खाटेच्या कडेवर डावी मूठ आपटायला सुरुवात केली, आणि वहिनींनी धरेपर्यंत त्या आपटतच राहिल्या.

पुढच्या वस्तूंबद्दल तर मला काहीच सांगता आलं नाही. सामान ट्रकमधून गेलं. त्यानंतर ताई बोलायचा प्रयत्नच करीनाशा झाल्या. मी गेले की हात धरून बसत, एवढंच.

बारावं झाल्यावर मी शाळेमागच्या त्या खोलीत गेले. भिंतींवर वस्तूंच्या जागचे फिकट डाग तेवढे होते. इतक्यात आचऱ्याकडची एक बाई दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. सासऱ्याच्या होडीतलं, म्हणाली. "ह्या काय ता आमका ठावक नाय. कुमुदबाई सांगतली म्हणान घेवन इलंय."

मी तिला ताई गेल्याचं सांगितलं. तिनं ते फडकं माझ्यापुढे धरलं. मी फडकं उघडलं. लाकडाचा गुळगुळीत, वाकडा तुकडा, मधे भोक. सासरे काही सांगायचे का ह्याबद्दल, मी विचारलं.

"सांगी तर खूप," ती म्हणाली. "पन आमका ऐकूक येळ खंय होतो?"